शिजवलेली कडधान्यं बरणीत भरताना कुकरच्या शिट्टीवर विसंबू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीज गेल्यावर पटकन जेवण व्हावं म्हणून राजमा, छोले, चवळी आधीच शिजवून काचेच्या बरण्यांत भरून ठेवा, असा सल्ला पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइलवर फिरतो आहे. कृती अशी: कडधान्य शिजवायचं, गरमागरम बरणीत भरायचं, झाकण घट्ट लावायचं, बरण्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि उलट्या करून गार करायच्या. झाकण आत ओढलं गेलं की सहा महिने निश्चिंत. कल्पना चांगली आहे, कृती जिवावर बेतणारी आहे. अन्नप्रक्रियेच्या कामातल्या आम्ही दोघी आहोत, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे खरं, पण अर्धं छापलं तर त्यातून दुसरी चुकीची कृती तयार होईल. शक्य असेल तर पूर्ण छापावं.

आधी दोष कुठे आहे ते. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो आणि मातीबरोबर त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातलं त्याचं सुप्त रूप, धान्यावर, भाजीवर येऊ शकतात. हे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात. एरवी ते आपल्याला त्रास देत नाहीत, कारण मोकळ्या हवेत ते वाढत नाहीत. बरणी उकळली की मात्र आतली हवा निघून जाते, झाकण बसतं आणि आत उरतो ओलावा, पिष्ट आणि प्रथिनं. त्यावर मुंबईची ऊब. त्यांना हवी तशी जागा आपणच करून देतो. झाकण आत ओढलं गेलं याचा अर्थ हवा गेली, एवढाच. बीजाणू मेले की नाही हे झाकण सांगत नाही.

कैरीच्या लोणच्याला किंवा मुरांब्याला हा धोका का नाही, असं कुणी विचारेल. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असला, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असला, की हे बीजाणू रुजत नाहीत. लोणच्यात आंबटपणाच्या जोडीला भरपूर मीठ असतं, मुरांब्यात साखर असते. शिजवलेल्या राजम्याचा किंवा चवळीचा पीएच ६ च्या आसपास असतो. त्यात चमचाभर मीठ घातल्यानं चव येते, टिकाऊपणा येत नाही. लोणच्यासारखं वरून तेल ओतलं तर हवा आणखी अडते, म्हणजे जिवाणूचीच सोय होते.

तयार होणाऱ्या विषाला वास नसतो, चव नसते आणि बरणी फुगलीच पाहिजे असंही नाही. खाल्ल्यावर बहुतेकदा १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनी, एकाची दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, घास गिळता येत नाही आणि अशक्तपणा वरून खाली उतरत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो. या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. आपल्याकडे तो क्वचित दिसतो, म्हणून तो चटकन ओळखलाही जात नाही. १९९६ मध्ये गुजरातेत एका निवासी शाळेतल्या मुलांना बोट्युलिझम झाला होता. संशय होता बेसनाच्या शेवेवर, आणि तिथे विष करणारा जिवाणू याच कुळातला दुसरा निघाला. तेव्हा ‘हे परदेशातले आजार’ म्हणून सोडून देण्यासारखं प्रकरण नाही.

बीजाणू मारायला ११६ ते १२१ अंश सेल्सिअस लागतात. उघड्या भांड्यातलं पाणी कितीही खदखदलं तरी मुंबईत १०० च्या वर जात नाही. दाबाखालची वाफच तिथवर पोचते. इथे हमखास प्रश्न येतो: मग घरातल्या कुकरमध्ये बरण्या ठेवल्या तर? आपल्या घरगुती कुकरचं वजन साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उचललं जातं आणि त्या दाबाला वाफ १२० अंशांपर्यंत जाते. कागदावर हिशेब जुळतो, प्रत्यक्षात जुळत नाही. त्याची कारणं जरा निवांत सांगायला हवीत, कारण कुकर प्रत्येक घरात आहे आणि मोह तिथेच आहे.

पहिलं कारण हवा. कुकरमध्ये वाफेबरोबर हवा अडकून राहिली तर दाब तेवढाच भरतो, तापमान मात्र कमी राहतं, आणि तीन शिट्ट्यांच्या हिशेबात ही हवा बाहेर काढण्याची पायरीच नाही. दुसरं, शिट्टी होते तेव्हा दाब एकदम खाली येतो. बाहेरचा दाब उतरला की बरणीतलं पाणी जोरानं उसळतं आणि झाकणाखालून बाहेर येतं. त्याबरोबर आलेला कण बरणीच्या काठावर बसतो आणि झाकण कधीच नीट चिकटत नाही. तिसरं, पाच किंवा साडेसात लिटरचा कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो. बरणीसाठी ठरवलेल्या वेळेत मोठं भांडं हळूहळू तापण्याचा आणि हळूहळू निवण्याचा काळही धरलेला असतो, कारण बीजाणू त्या काळातही मरत असतात. लहान कुकरमध्ये तो काळ मिळत नाही. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, तपासून ठरवलेल्या वेळा ज्या भांड्यात साधारण एक लिटरच्या किमान चार बरण्या उभ्या मावतात अशाच भांड्यासाठी आहेत. दाबाचा काटा नसलेला हॉटेलचा मोठा कुकरही त्यात बसत नाही, आणि बटणांवर चालणारा विजेचा मल्टिकुकर तर नाहीच, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

यासाठी प्रेशर कॅनर लागतो. जाड बुडाचं, साधारण वीस-बावीस लिटरचं भांडं, तळाशी जाळी, झाकणाला वाफ सोडायची नळी, आणि दाब दाखवणारा काटा किंवा ठरावीक दाबाला डुलत राहणारं वजन. आपल्याकडे तो बहुधा मागवावाच लागतो आणि स्वस्त नाही. पाण्या-बरण्यांसकट वजन १५ किलोच्या आसपास जातं. काचेच्या शेगडीवर चढवण्यापूर्वी शेगडीच्या पुस्तिकेत किती भार चालतो ते पाहा. काट्याचा कॅनर असेल तर काटा वर्षातून एकदा तपासून घ्यावा लागतो. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या मान्यतेच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांत असे दाबाचे काटे (प्रेशर गेज) तपासून मिळतात. वजनाच्या कॅनरला ही कटकट नाही, म्हणून नव्यानं घेणाऱ्यानं तोच घ्यावा असं आमचं मत.

बरणीचंही तसंच. भुलेश्वर-काळबादेवीच्या भांडे बाजारात मिळणाऱ्या क्लिपच्या ‘एअरटाइट’ बरण्या, कॉफीच्या किंवा जॅमच्या रिकाम्या बाटल्या यासाठी नाहीत. क्लिपची बरणी बंद करून कॅनरमध्ये घातली तर आतली हवा बाहेर निघायला नेमकी वाट राहत नाही आणि ती नीट बसली की नाही हे कळायलाही मार्ग नाही. जॅमच्या बाटलीची काच कारखान्यात एकदा भरण्याच्या हिशेबानं केलेली असते. कॅनिंगच्या बरणीला दोन भागांचं झाकण असतं: कडेला रबरासारखा लेप असलेली चपटी चकती आणि तिला धरून ठेवणारं आट्यांचं कडं. कडं वर्षानुवर्षं चालतं, चकती एकदाच. वापरलेली चकती पुन्हा लावून पैसे वाचवायला गेलात तर बरणी जाईल.

आता कृती. आपल्याकडच्या बरण्या ५०० मिलिलिटरच्या असतात आणि यूएसडीएच्या वेळापत्रकातला पाइंट, म्हणजे तिथलं लहान बरणीचं माप, ४७३ मिलिलिटरचा आहे. फरक थोडा असला तरी बरणी मोठी आहे, म्हणून पाइंटची ७५ मिनिटांची वेळ न धरता त्यापुढची, क्वार्टची, म्हणजे दोन पाइंटच्या बरणीची, ९० मिनिटांची वेळ धरावी. ती ९४६ मिलिलिटरपर्यंत चालते. एका लिटरची बरणी त्याच्याही किंचित वर जाते, तेव्हा ती नकोच. पाचशेच्या नऊ बरण्यांना सुमारे दीड किलो कोरडं कडधान्य लागतं, म्हणजे बरणीमागे १६५ ते १७५ ग्रॅम.

कडधान्य निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात १२ ते १८ तास भिजत घाला. मुंबईच्या मे महिन्यात ते बाहेर ठेवलं तर आंबतं, तेव्हा फ्रिजमध्ये भिजवा. वेळ नसेल तर दोन मिनिटं उकळून, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवलं तरी चालतं. भिजवलेलं पाणी ओतून टाका. राजम्याच्या बाबतीत हे पाणी मुळीच वापरू नये. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, अर्धकच्चा राजमा खाल्ल्यावर होणाऱ्या उलट्या त्यामुळेच होतात, आणि ते मंद आचेवर मरत नाही, खळखळून उकळावंच लागतं.

मग ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळा. ही पायरी गाळून कोरडं कडधान्यच बरणीत घाला, वर पाणी ओता, असं सांगणाऱ्या चित्रफिती आहेत. त्यांचं ऐकू नका. कोरडा दाणा बरणीतलं पाणी पिऊन दुपटीच्या वर फुगतो, दाणे एकमेकांत दाटतात, मधून पाणी फिरायला जागा राहत नाही आणि बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता ठरलेल्या वेळेत पोचतच नाही. अर्ध्या तासाच्या उकळीचा हेतू दाणा शिजवणं हा नाही, तो पूर्ण भिजलेला आणि गरम असावा हा आहे. दाणा या वेळी बोटानं दाबला तर मऊ लागतो पण मोडत नाही. मोडायला लागला तर कॅनरमधून त्याचा लगदाच बाहेर येईल.

दाणे उकळत असताना बरण्या गरम पाण्यात ठेवा. गार काचेत उकळतं कडधान्य ओतलं तर बूड गोल तडकतं. बरणीत दाणे भरा, ते ज्या पाण्यात उकळले तेच पाणी वरून घाला आणि वर एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, जागा सोडा. ही जागा पट्टीनं मोजा, अंदाजानं नको. मीठ घालायचं तर पाचशेच्या बरणीला अर्धा चमचा. पातळ लाकडी किंवा प्लास्टिकची काडी कडेनं फिरवून अडकलेले बुडबुडे काढा, पाणी खाली गेलं तर पुन्हा इंचापर्यंत आणा. काठ ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसा, बोट फिरवून टवका नाही ना ते पाहा. चकती ठेवून कडं बोटांनी फिरवा आणि अडलं की थांबा. मनगटाचा जोर लावलात तर हवेला बाहेर पडता येत नाही आणि चकती सुरकुतते.

कॅनरमध्ये जाळीवर बरण्या, तळाशी दोन ते तीन इंच गरम पाणी. झाकण लावून आच मोठी करा, पण वजन ठेवू नका. नळीतून वाफेचा सरळ, सलग झोत येऊ लागला की घड्याळ लावून दहा मिनिटं तो तसाच जाऊ द्या. हीच ती हवा काढण्याची पायरी. मग वजन ठेवा. काट्याच्या कॅनरमध्ये ११ पौंड, म्हणजे अंदाजे ०.७७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, वजनाच्या कॅनरमध्ये १० पौंडांचं वजन. तो दाब गाठल्यावर ९० मिनिटं मोजायला सुरुवात करायची. त्या दीड तासात दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला, मग ते ऐंशीव्या मिनिटाला का असेना, दाब पुन्हा आणून शून्यापासून ९० मिनिटं. गॅस वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण याला पळवाट नाही. म्हणून सिलिंडर संपत आलेला असताना हे काम काढू नका.

हे आकडे मुंबईसाठी, समुद्रसपाटीजवळच्या गावांसाठी आहेत. कृती पुण्याच्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर हेही सांगा: पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे वजनाच्या कॅनरला १५ पौंडांचं वजन लागतं. महाबळेश्वरच्या उंचीवर काटा १३ पौंडांवर हवा.

वेळ झाली की गॅस बंद, आणि हात मागे. कुकरखाली नळ सोडायची किंवा चिमट्यानं शिट्टी उचलायची आपली सवय इथे महागात पडते. दाब झपाट्यानं उतरला की बरण्यांतलं पाणी बाहेर उसळतं, शिवाय निवण्याच्या काळात व्हायचं निर्जंतुकीकरण हुकतं. दाब आपोआप शून्यावर येऊ द्या, त्याला पाऊण-एक तास लागतो. मग वजन काढा, आणखी दहा मिनिटं थांबा आणि झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूनं उघडा. बरण्या उभ्याच बाहेर काढून कोरड्या टॉवेलवर, मध्ये बोटभर अंतर सोडून ठेवा. पंखा बंद. १२ ते २४ तास त्यांना हात लावू नका, कडं घट्ट करायलाही नाही.

दुसऱ्या दिवशी कडं काढा आणि चकतीच्या मध्यावर बोट दाबा. ती खाली-वर झाली, टक्‌ आवाज आला तर बरणी बसलेली नाही. ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. बसलेल्या बरणीत पाणी थोडं कमी झालेलं दिसतं, वरचे दाणे जरा काळपट होतात. निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असेल तर बरणी चांगली आहे, फक्त आधी वापरा. निम्म्याखाली गेलं असेल तर तीही फ्रिजमध्ये. पाणी जाण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच: आच वर-खाली होणं, वर इंचभर जागा न सोडणं, झाकण घाईनं उघडणं. दाणे कडक राहिले तर दोष बहुधा जुन्या मालाचा किंवा जड पाण्याचा. वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेल्या राजम्यात गणंग जास्त निघतात आणि कॅनरही त्यांना मऊ करत नाही. त्यावर उपाय म्हणून खायचा सोडा घालू नका. त्यानं पीएच वर जातो, म्हणजे आपण उलट्या दिशेनं चाललो.

कोणतं कडधान्य? राजमा, काबुली चणे, हरभरे, चवळी, काळे आणि पांढरे वाटाणे यांना दाणा असतो, तो अखंड राहतो. मूग, मटकी, मसूर विरघळतात आणि कोणतीही डाळ तर पिठल्यासारखी दाटते. दाट पदार्थात उष्णता आत शिरायला फार वेळ लागतो, म्हणून वरण-आमटी, कुस्करलेले छोले, भाजणी किंवा कणीक लावलेली उसळ बरणीत भरायची नाही. मोड आलेल्या कडधान्यांना वरच्या वेळा लागू नाहीत. वाटण, खोबरं, तेलाची फोडणी हे सगळं बरणी उघडल्यावर. चिंच किंवा आमसूल घातल्यानं वेळ कमी करता येत नाही, नुसता दाणा कडक होतो. थोडक्यात, बरणीत दाणा, पाणी, मीठ. उसळ नंतर करायची.

बरण्या ठेवायच्या कुठे हा मुंबईत अवघड प्रश्न आहे. १० ते २१ अंशांची अंधारी, कोरडी जागा उत्तम असं पुस्तकं सांगतात. तशी जागा इथल्या दोन खोल्यांच्या घरात फक्त फ्रिजमध्ये सापडेल. निदान ३५ अंशांच्या वर जाणारी जागा टाळा: गॅसच्या वरचं कपाट, फ्रिजच्या मागची भिंत, पोटमाळा, पश्चिमेची खिडकी. काही उष्णताप्रेमी जिवाणूंचे बीजाणू कॅनरमधूनही वाचतात. थंड जागी ते निपचित असतात, तापलेल्या कपाटात मात्र डोळे उघडतात आणि बरणी न फुगवता आतला पदार्थ आंबवून टाकतात. कडी काढूनच ठेवा, नाहीतर खाऱ्या दमट हवेत ती गंजून चकतीला धरतात आणि झाकण सैल झालं तरी कळत नाही. चकतीवर तारीख लिहा. शिफारस वर्षभराची असते. आमचा सल्ला, मुंबईत सहा महिने. जूनआधी भरलेलं दिवाळीपर्यंत संपवावं.

उघडताना आधी पाहा, मग उघडा. झाकण फुगलेलं, कडेनं ओघळ, उघडताना पाण्याची चिळकांडी, वेगळा वास, यातलं काहीही असलं तर चाखून बघायचं नाही. सगळं ठीक दिसलं तरी घरच्या बरणीतलं कडधान्य पातेल्यात काढून दहा मिनिटं खळखळून उकळावं. बीजाणू उकळीनं मरत नाहीत, पण त्यांनी केलेलं विष मात्र उकळीनं नष्ट होतं. हा शेवटचा पहारा आहे. चुकीच्या पद्धतीनं भरलेली बरणी मात्र उकळून शुद्ध होते असं कुणी समजू नये. वीज नसताना मिक्सरही नसतो, तेव्हा वाटणाऐवजी दाण्याचं कूट आणि किसलेलं सुकं खोबरं घालून, गोड्या मसाल्यावर उसळ करावी. बरणीतलं पाणी ओतून देऊ नका. पंप बंद असताना तेवढंच पाणी वाचतं.

एवढा खटाटोप मुंबईत करावा का? खरं सांगायचं तर बहुतेक घरांनी करू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोलमडलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, तरी बऱ्याच भागांत वीज काही तासांत परत आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मात्र अनेक उपनगरांत काही दिवस अंधार होता. दोन्ही वेळा विजेबरोबर गॅस गेला नव्हता. आपल्याकडे चूल विजेवर अवलंबून नाही, विजेवर आहेत फ्रिज, मिक्सर, लिफ्ट आणि इमारतीचा पंप. काही तासांच्या खंडासाठी शिजवलेला राजमा किंवा छोले डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवणं पुरेसं आहे. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास पदार्थ गोठलेले ठेवतो. खालचा फ्रिज मात्र चारच तास धरा. पावसाळ्यात फ्रीझरमधल्या रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. फ्रीझर भरलेला राहतो आणि वितळल्यावर प्यायला पाणीही होतं.

त्याहून लांबच्या खंडासाठी आपलं वाळवण आहे. एप्रिल-मे महिन्यात केलेले मुगाचे सांडगे, कुळथाचं पीठ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, भिजवणं नाही, फ्रिज नाही, मिक्सर नाही. आखे दाणेच हवे असतील तर पूर्ण शिजवलेले छोले किंवा चवळी निथळून, डिहायड्रेटरमध्ये किंवा ओव्हनमध्ये ६० अंशांच्या आसपास दाणा दातांखाली कुरकुरीत मोडेपर्यंत वाळवा आणि घट्ट डब्यात भरा. नंतर उकळत्या पाण्यात वीस मिनिटांत ते पुन्हा मऊ होऊ लागतात. हे काम उन्हात गच्चीवर नको. शिजलेला ओला दाणा तासन् तास कोमट राहिला तर वाळण्याआधी बिघडतो. आणि पावसाळा सुरू झाल्यावर मुंबईत वाळवण घालूच नये, हे कुणाला सांगायला नको.

कॅनर घ्यावा तो ज्यांच्याकडे माणसं जास्त, फ्रीझर लहान, जागा थंड आणि दीड तास शेगडीजवळ उभं राहायची तयारी आहे त्यांनी. दोन-तीन घरांनी मिळून घेतला तर परवडतोही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) किंवा एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय यांनी वर्षातून एक दिवस प्रेशर कॅनरचे काटे तपासून द्यायला आणि ही पद्धत प्रत्यक्ष दाखवायला ठेवला तर मोठी सोय होईल. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत बरणीत भरायच्या कोणत्याही पाककृतीला जागा देताना त्यात तापमान, दाब आणि मिनिटं हे तिन्ही आकडे आहेत ना, एवढं पाहावं. शिट्ट्यांचा आकडा असेल तर ती छापू नये.

ज्यांनी फिरत्या निरोपाप्रमाणे उकळत्या पाण्यात बरण्या करून कपाटात ठेवल्या आहेत, त्यांच्यासाठी: भरून २४ तास झाले नसतील तर त्या आजच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत, दहा मिनिटं उकळून संपवा. त्याहून जुन्या बरण्या उघडू नका, वास घेऊ नका, कामवाल्या ताईंना किंवा सोसायटीच्या मांजरांना देऊ नका. बंद असतील तशाच जाड पिशवीत घालून, पिशवी बांधून, वर ‘खाऊ नये’ लिहून कचऱ्यात द्या. गळलेली बरणी असेल तर हातमोजे घाला, बरणी मोठ्या पातेल्यात पाण्याखाली पूर्ण बुडवून झाकण ठेवून ३० मिनिटं उकळा आणि मग फेका. ओटा, फडकी, चमचे यांना एक भाग ब्लीचमध्ये पाच भाग पाणी घालून ते अर्धा तास लागू द्या, मग पुसा. आणि कुणी त्यातलं आधीच खाल्लं असेल व दोन दिसणं, गिळायला त्रास असं काही सुरू झालं तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि ‘घरी बरणीत भरलेलं कडधान्य खाल्लं’ हे पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगा. उरलेली बरणी बंद पिशवीत सोबत न्या.

आपल्या विश्वासू,
अन्नप्रक्रिया क्षेत्रातल्या दोन वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई